नाटकाचा सेट बांधताना: फ्लॅट, टेकू, लेव्हल, पायऱ्या आणि त्यांचा क्रम

हौशी गटाचा सेट हलला की दोष लाकडाला दिला जातो. मागे जाऊन पाहिलं तर कारणं ठरलेली असतात. चौकट काटकोनात नसताना कापड ताणलेलं असतं, टेकू असतो पण त्यावर वजन नसतं, लेव्हलचं, म्हणजे नटांनी उभं राहायच्या चौथऱ्याचं, सगळं ओझं चार काळ्या स्क्रूंवर टांगलेलं असतं. ही कामं अवघड नाहीत. ती चुकीच्या क्रमाने होतात, आणि एकदा रंग लागला की मागे वळून दुरुस्त करायला कोणी धजत नाही.

खाली चार गोष्टी शिकायच्या आहेत: कापडाचा एक फ्लॅट (लाकडी चौकटीवर कापड लावलेली सुटी भिंत), त्याला मागून उभा धरणारा टेकू, ४५० मिमी उंचीची एक लेव्हल आणि तिच्या पायऱ्या. एवढं नीट जमलं की साध्या दिवाणखान्याचा सेट उभा राहतो. डोक्यावर काही टांगणं, सरकता किंवा फिरता रंगमंच, माणसाच्या उंचीच्या लेव्हल हे नवशिक्यांचं काम नाही. ते प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच करावं.

१. आधी मोजमाप

रंगमंचाचा आराखडा १:२५ प्रमाणात काढा, म्हणजे कागदावरचे ४ सेंमी हा जागेवरचा १ मीटर. त्यावर दोन रेषा हव्यात: रंगमंचाच्या मधोमध पुढून मागे जाणारी मध्यरेषा, आणि जिच्या पुढे सेटचा कोणताही भाग येणार नाही अशी आडवी रेषा. पुढची सगळी मापं या दोन रेषांपासूनच घ्यायची. विंगेपासून किंवा पडद्यापासून घेतलेलं माप दुसऱ्या नाट्यगृहात निरुपयोगी ठरतं.

जागेवर रुंदी आणि खोली मोजालच. विसरायला होतात ती मापं वेगळी: सामान आत यायच्या दाराची उंची-रुंदी, वाटेतल्या जिन्याचं वळण, गाडीच्या हौद्याची लांबी, सर्वांत खाली टांगलेल्या दिव्याची उंची आणि रंगमंचाला उतार असल्यास तो किती. उतार लक्षात घेतला नाही तर लेव्हलचे सगळे पाय चुकतात. पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांत बसून विंगेत कुठवर दिसतं तेही आराखड्यावर मांडा.

मग तालमीच्या जागेत जमिनीवर टेपने सेट आखा आणि नटांना त्यात एक तालीम करू द्या. दार उघडायला जागा नाही हे इथे कळलं तर फक्त टेप उचलावा लागतो.

सावधान: एका सेटला एकच एकक आणि शक्यतो एकच टेप. ८ फूट म्हणजे २४३८ मिमी, पण प्लायची शीट येते २४४० मिमीची. अर्धी मापं फुटांत आणि अर्धी मिलिमीटरमध्ये असली की हे फरक साठत जातात. टेपच्या टोकाचा पत्रा थोडा सैल असतो, तो ठोकून घट्ट करू नका. बाहेरून ओढून आणि आतून टेकवून घेतलेलं माप सारखं यावं म्हणून तो मुद्दाम त्याच्या जाडीइतका हलता ठेवलेला असतो.

२. माल आणि कापायची यादी

लाकूड विकत घेताना प्रत्येक पट्टी डोळ्यापाशी धरून तिच्या कडेवरून लांबवर पाहा. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. पीळ आलेल्या पट्टीची चौकट जमिनीवर कधीच चारही कोपऱ्यांनी टेकत नाही आणि स्क्रूने ओढून ती सरळ होत नाही. अर्ध्या रुंदीहून मोठी गाठ असलेली पट्टी बाजूला काढा, तिचे छोटे तुकडे करता येतील.

१२२० × २४४० मिमी फ्लॅटसाठी १९ × ६४ मिमीच्या पट्ट्यांची यादी अशी:

– आडव्या पट्ट्या, वर आणि खाली: १२२० मिमीच्या २
– उभ्या पट्ट्या: २३१२ मिमीच्या २
– मधली आडवी: १०९२ मिमीची १
– कोपऱ्यातल्या तिरप्या: साधारण ६०० मिमीच्या २
– ६ मिमी प्लायचे काटकोनी त्रिकोण, काटकोनाच्या बाजू २५० मिमी: ४
– त्याच प्लायच्या लहान पट्ट्या, साधारण २०० मिमी लांब: मधल्या आडवीसाठी २, तिरप्यांच्या सांध्यांवर ४

उभ्या पट्ट्या २४४० नसून २३१२ का? वरची आणि खालची पट्टी पूर्ण रुंदीची असते आणि उभ्या त्यांच्या मध्ये बसतात: २४४० वजा दोनदा ६४. उलट केलं, म्हणजे उभ्या पट्ट्या जमिनीपर्यंत नेल्या, तर फ्लॅट ओढताना त्यांची टोकं जमिनीत अडकून चिरतात. तुमच्या पट्टीची रुंदी ६४ नसेल तर गणित नव्याने करा. ही चूक इतकी सर्रास होते की यादीवर पट्टीची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी आधी लिहायची सवयच लावलेली बरी.

स्क्रू: ६ मिमी प्लाय आणि १९ मिमी पट्टी मिळून २५ मिमी होतात. इथे २५ मिमीचा स्क्रू वापरला तर टोक कापडाच्या बाजूला येतं आणि पुढे कोणाचा तरी हात फाटतो. २० मिमीचा घ्या. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू स्वस्त आणि टोकदार असतात, पण ते ठिसूळ आहेत. आडव्या ताणाने वाकण्याऐवजी तुटतात. जिथे माणूस उभा राहणार तिथे ते अजिबात नकोत.

३. कापणं आणि भोकं

डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, प्लाय कापताना धुळीचा मास्क, पायांत पुढून बंद बूट. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस करवतीजवळ नकोत. हातमोजे लाकूड वाहताना घाला, पण फिरणाऱ्या यंत्रापाशी काढून ठेवा. मोज्याचा धागा पात्यात सापडला की मागोमाग हात ओढला जातो.

गोल करवतीचं पातं फळीच्या खाली एका दातापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फळीला काप-रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधार हवा, पण सुटणारा तुकडा मोकळा खाली जायला हवा. दोन टेबलांवर टेकवून मधोमध कापलं की फळी खचते, चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि करवत कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. करवत उसळण्याचे अपघात बरेचदा याच मांडणीतून होतात.

पातं स्वतः साधारण ३ मिमी लाकूड खातं. २४४० मिमीच्या शीटमधून ६१० चे चार तुकडे निघत नाहीत, तीन कापांत ९ मिमी गेलेले असतात. म्हणून सगळ्या खुणा एकदम न मारता एक तुकडा कापा आणि पुढचं माप नव्या कडेपासून घ्या. एकसारखे तुकडे हवे असतील तर पहिला तुकडाच प्रत्येक वेळी माप म्हणून वापरा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा आखत गेलात तर चूक वाढत जाते.

पट्टीच्या टोकाजवळ स्क्रू मारण्याआधी भोक पाडा, ४ मिमीच्या स्क्रूला साधारण ३ मिमीचं. ड्रिलचं टोक किंवा करवतीचं पातं बदलताना बॅटरी काढा, प्लग उपटा. फक्त बटणावरून बोट काढणं पुरेसं नाही.

तपासा: सगळ्या जोडीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या करा. टोकं बोटाला वर-खाली लागली तर आत्ताच पुन्हा कापा.

४. फ्लॅट

१) सपाट जमिनीवर चौकट मांडा, कापडाची बाजू खाली.

२) कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या अवजाराने) जुळवा आणि तात्पुरते धरून ठेवा. अजून गोंद नको.

३) दोन्ही कर्ण मोजा. १२२० × २४४० ला कर्ण २७२८ मिमी येतो. दोन्हींत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांना आत दाबा आणि पुन्हा मोजा.

४) त्रिकोणी प्लाय गोंद लावून बसवा. तो बाहेरच्या कडेपासून २० मिमी आत हवा. या फ्लॅटला दुसरा फ्लॅट काटकोनात भिडतो तेव्हा त्याची १९ मिमी जाडी त्या जागेत बसते. कडेला टेकवून प्लाय लावलेले फ्लॅट कोपऱ्यात फट सोडतात आणि मग रंगीत टेप चिकटवत बसावं लागतं.

५) त्रिकोणाच्या वरच्या पापुद्र्याच्या रेषा उभ्या पट्टीच्या दिशेने ठेवा, म्हणजे त्या सांध्याला ओलांडून जातात. सांध्याला समांतर ठेवल्या तर प्लाय तिथेच मोडतो. प्रत्येक त्रिकोणात दोन्ही लाकडांना मिळून आठ स्क्रू पुरतात. एका रेषेत मारू नका, लाकूड चिरतं.

६) कर्ण पुन्हा मोजा, मग मधली आडवी आणि तिरप्या पट्ट्या बसवा. दोन्ही तिरप्या एकाच उभ्या पट्टीकडे, एक वर आणि एक खाली. सांध्यांवर प्लायच्या लहान पट्ट्या.

गोंद वाळेपर्यंत फ्लॅट उचलायचा नाही. नंतर उलटा करून मांजरपाट पसरा. पिना आधी दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या मध्यावर, मग आडव्यांच्या मध्यावर, आणि तिथून कोपऱ्यांकडे. साधारण ८० ते १०० मिमी अंतरावर, पट्टीच्या आतल्या कडेला. कापड किती ताणायचं यात सगळे चुकतात. न धुतलेलं सुती कापड गोंदपाण्याचा हात बसला की आकसतं. आधीच डफासारखं ताणलं असेल तर उभ्या पट्ट्या आत ओढल्या जातात आणि फ्लॅट कमरेत बारीक होतो. फ्लॅट जमिनीवर आडवा असताना कापड मध्यभागी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी ढील ठेवा. बाहेरची सुटी कड गोंदाने चिकटवून चौकटीच्या ३ मिमी आत कापा, नाहीतर ती उचलताना उसवते.

दाराच्या फ्लॅटबद्दल एवढंच: दारासाठी खालची पट्टी कापली गेली की चौकट लुळी पडते. त्या जागी ३ ते ५ मिमी जाड लोखंडी पट्टी तळाला बसवा आणि दोन्ही बाजूंना निदान २०० मिमी पुढे न्या.

५. टेकू आणि त्यावरचं वजन

या लेखातलं एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचा.

टेकू म्हणजे लाकडाचा काटकोनी त्रिकोण. २४४० च्या फ्लॅटला उभी बाजू १६०० मिमी, म्हणजे उंचीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि पाया ८०० मिमी. तिरपी पट्टी १७८९ येते, १८५० ची घेऊन टोकं तिरकी कापा. सांध्यांना तोच त्रिकोणी प्लाय. फ्लॅटच्या उभ्या पट्टीला टेकू काढत्या पिनेच्या दोन बिजागऱ्यांनी जोडा. पिना काढल्या की टेकू सुटा होतो, गाडीत सपाट मावतो.

फ्लॅट मागे रेटला तर पाया आडवा येतो. पुढे, म्हणजे नटांच्या अंगावर ओढला गेला तर त्याला रोखतं ते फक्त पायाच्या मागच्या टोकावरचं वजन. २० किलोचं वाळूचं पोतं फ्लॅटपासून ८० सेंमीवर असेल तर १५० सेंमी उंचीवरची साधारण साडेदहा किलोची ओढ ते पेलतं: २० गुणिले ८०, भागिले १५०. तेच पोतं जागा वाचवायला ४० सेंमीवर सरकवलं की निम्मंच उरतं, आणि अंधारात कोणाची तरी बाही खुंटीत अडकली तर तेवढं पुरणार नाही. पोतं मागच्या टोकाला ठेवा आणि बांधून टाका. नुसतं ठेवलेलं पोतं कोणीतरी बसायला घेऊन जातं, हे सांगायला नकोच.

एकट्या उभ्या फ्लॅटला दोन टेकू, ओळीतल्या फ्लॅटना प्रत्येक जोडापाशी एक. दार असलेल्या फ्लॅटला दोन्ही बाजूंना, आणि वजन दुप्पट.

तपासा: फ्लॅटच्या मागे एक माणूस सावध उभा करा. दुसऱ्याने पुढून खांद्याच्या उंचीवर धरून आपल्याकडे सावकाश ओढायचं. पोतं उचललं जायला लागलं तर वजन वाढवा.

६. लेव्हल: १२२० × २४४० मिमी, ४५० मिमी उंच

चौकटीला ३८ × ८९ मिमीचं लाकूड, उभं धरून. आडवं ठेवलेलं तेच लाकूड कितीतरी जास्त लवतं. लांब बाजू २४४० च्या २, आडवे १२२० वजा ७६ म्हणजे ११४४ चे ५. त्यांच्यातलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ६०० येतं, त्याहून जास्त नको. वर १८ मिमी प्लाय.

आडव्याच्या टोकात मारलेला स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने आत जातो आणि तिथे पकड कमी असते. म्हणून प्रत्येक टोकाला गोंद, दोन-तीन ८० मिमीचे स्क्रू आणि आतल्या कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा, तिन्ही हवेत.

पाय सहा: चार कोपऱ्यांत, दोन लांब बाजूंच्या मध्यावर. प्रत्येक पाय दोन तुकड्यांचा. लांब तुकडा ४३२ मिमी, म्हणजे ४५० वजा प्लायचे १८. तो चौकटीच्या आतून प्लायला टेकतो. आखूड तुकडा ३४३ मिमी, म्हणजे ४३२ वजा ८९. तो लांब तुकड्याला बाहेरून चिकटून चौकटीच्या बरोबर खाली येतो. दोन्ही तुकडे गोंद आणि स्क्रूने एकमेकांना जोडा, मग लांब तुकडा चौकटीला १० मिमीच्या दोन बोल्टनी आवळा. बोल्ट १०० मिमी लांब, नटाखाली वॉशर, दोन बोल्ट तिरप्या रेषेत.

या आखूड तुकड्यासाठीच एवढा खटाटोप. तो असला की चौकट लाकडावर बसते आणि बोल्ट पायाला फक्त जागेवर धरतात. तो गाळला की माणसांचं सगळं ओझं बोल्टच्या भोकांवर येतं, प्रयोगागणिक भोकं लांबट होतात आणि लेव्हल करकरायला लागते. करकर ही तक्रार समजावी, तेल घालून गप्प करण्याची गोष्ट नव्हे.

आता तिरपे आधार. सरळ उभं ओझं हे पाय सहज पेलतील. नट पळत येऊन थांबला की धक्का आडवा बसतो. पायापासून चौकटीपर्यंत तिरप्या पट्ट्या लांबीच्या आणि रुंदीच्या, दोन्ही दिशांना लावा.

तपासा, याच क्रमाने: चारही कोपरे हाताने दाबा, डुलत असेल तर पायाखाली पातळ प्लाय देऊन तो स्क्रूने पक्का करा. मग एक माणूस कडेकडेने चालेल. मग जितके नट वर असणार त्यांच्या दुप्पट वजनाची पोती सगळीकडे पसरून काही वेळ ठेवा. पोती काढून प्रत्येक बोल्टचा नट सैल झाला का पाहा. नाच किंवा उड्या असतील तर एवढ्यावर थांबू नका, जाणकाराकडून तपासून घ्या.

७. पायऱ्या

४५० मिमी चढायला १५० चे तीन टप्पे, म्हणजे मध्ये दोन पायऱ्या: पूर्ण झाल्यावर १५० आणि ३००. पाय ठेवायची खोली २८० मिमी. १८ मिमी प्लायची पायरी असेल तर खालचा सांगाडा १३२ आणि २८२ चा. १५० आणि ३०० चे सांगाडे करून वर प्लाय ठोकला की पहिला टप्पा १६८ होतो आणि शेवटचा १३२. डोळ्याला हे दिसत नाही, पण पाय पहिल्या दोन टप्प्यांची लय धरतो आणि तिसऱ्याला अडखळतो. टप्प्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ९०० मिमी रुंद पायरीला तीन आधार, दोन टोकांना आणि एक मध्ये. पायऱ्या लेव्हलला बोल्टने जोडा, नुसत्या भिडवून ठेवू नका.

८. रंग आणि आग

आधी गोंदपाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर रंग. हार्डबोर्ड किंवा पातळ प्लायला मागूनही एक हात द्या, नाहीतर एकाच बाजूने ओल धरून तो वाकतो. लेव्हलवर चमकदार तेलरंग देऊ नका, घामेजल्या तळव्याखाली तो निसरडा होतो.

कापडाला आगरोधक द्रावण द्या आणि त्याच कापडाचा एक तुकडा उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात धरून पेटवून पाहा. ज्योत काढल्यावर जळत राहिला तर द्रावण पुरेसं नाही. पाण्यात विरघळणारी द्रावणं कापड धुतल्यावर निघून जातात, तेव्हा पुन्हा द्यावी लागतात. गरम होणाऱ्या दिव्यावर किमान अंतर छापलेलं असतं, ते पाळा.

९. रंगमंचावर लावणं

क्रम: मध्यरेषेची खूण, जमिनीवरचं कापड, लेव्हल, पायऱ्या, मग फ्लॅट. फ्लॅट कोपऱ्यापासून सुरू करा. काटकोनात जोडलेले दोन फ्लॅट एकमेकांना धरतात, तोवर टेकू आणि पोती येतात. मधल्या फ्लॅटपासून सुरुवात केली तर दोन माणसं तो धरून उभी राहतात आणि काम करायला कोणी उरत नाही.

आडवा फ्लॅट उभा करताना एकाने खालच्या पट्टीला पाय लावून ती अडवायची आणि दुसऱ्याने वरच्या टोकापासून हाताखाली घेत चालत यायचं. वजन बसून बांधल्याशिवाय फ्लॅटवरचा हात सोडायचा नाही, चहा आला तरी.

दार प्रेक्षकांपासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडेल असं लावा. लेव्हल आणि पायऱ्यांच्या मागच्या कडांना पांढरा टेप. शिडी वापरत असाल तर टेकवलेल्या शिडीचा पाय उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर, आणि खाली कोणी उभं नको.

सावधान: बाहेर पडायच्या वाटा, आगीचे बंब आणि विजेची पेटी यांच्यापुढे टेकूचं एक टोकही येऊ देऊ नका. हे आराखड्यातच पाहायचं असतं. इथे कळलं तर सेट हलवा.

शेवटी सगळे दिवे घालवून फक्त विंगेतला निळा दिवा ठेवा आणि प्रत्येक नटाला त्याच्या एंट्रीची वाट चालायला लावा.

१०. उतरवणं

थकलेली माणसं, रात्रीची घाई, आणि सगळे एकदम सगळीकडे हात घालतात. एका माणसाने आज्ञा द्यावी. आधी वीज बंद करून वायरी काढा, मग सामान आणि पडदे, मग मोकळ्या टोकाकडून एकेक फ्लॅट. फ्लॅट दोघांनी धरल्यावरच पोतं उचलायचं, पोतं आधी नव्हे. कोपरा सर्वांत शेवटी.

प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मागून तोच आकडा लिहा: १ ला १, २ ला २. निघालेला खिळा किंवा स्क्रू त्याच क्षणी डब्यात, जमिनीवर नाही. ज्या भोकात स्क्रू सैल फिरतो तिथे पुढच्या वेळी तोच स्क्रू चालणार नाही. गोंद लावलेली लाकडाची काडी भोकात ठोकून, ती वाळल्यावर शेजारी नवं भोक पाडा. बोल्टची भोकं लांबट झालेला पाय मात्र दुरुस्त करत बसू नका, ४३२ चा नवा तुकडा कापा.